कडू लागलं तर हात वर करा

...अन् दाढी! अवं माय, दाढीवर अख्खं लेक्चर! तुमाले सांगते, तो सुमंत सर, पुण्याहून विमानानं आलेला, वर्धा रोडच्या हॉटेलात एसी फुल करून आमाले, साऱ्या विदर्भातल्या कारखान्याइच्या नर्साइले समजावून राहिला का, "भगिनींनो, लक्षात घ्या, चेहऱ्यावर दाढी असली की मास्क त्वचेला घट्ट बसत नाही, केसांच्या फटीतून धूळ सरळ फुप्फुसात जाते, म्हणून कामगाराला दाढी... चालणार... नाही!" अन् हे म्हणता म्हणता त्याचा हात कुठी फिरून राहिला? स्वतःच्या दाढीवर! अशी कोरलेली, तेल लावलेली, कानापासून गळ्यापर्यंत! अन् मंग तोच मास्क स्वतः घालून दाखवते, अन् म्हणते, "पाहा, किती छान बसला!" कुठी बसला गा? मास्क एकीकडं, थोबाड एकीकडं, अन् मधात दाढीचं जंगल. मी हात वर केला. तं म्हणते, "प्रश्न शेवटी, सिस्टर." शेवटी काय आलं? शेवटी जेवण आलं! पण मी पडली सिस्टर, मले कोण विचारते?

आता तुमाले वाटन, ही बाई काहून एवढी तणतणून राहिली. सांगते ना. मी मेघा. राहते नंदनवनात, नोकरी कळमेश्वरच्या एमआयडीसीत, लोखंडाच्या भट्टीत आतून लावतेत त्या इटा बनवते ती कंपनी, तिच्या दवाखान्यात मी नर्स. दरवाज्यावर मोठ्ठं लिहून हाय, 'व्यावसायिक आरोग्य केंद्र'. आत काय हाय? एक पलंग, एक वजनकाटा अन् मी! कोणाचं बोट चेंदलं, पट्टी बांधा सिस्टर. कोणाची कालची उतरली नाही, गोळी द्या सिस्टर. साहेबाची शुगर पाहा, साहेबाच्या बायकोची शुगर पाहा, साहेबाच्या साल्यानं सहज चक्कर मारली तं त्याचंही बीपी पाहा! अन् तिकडं क्रशरवर दगड फुटून राहिला, पांढरी धूळ अशी उडून राहिली का माणूस सावळा आत जाते अन् गोरा होऊन बाहेर येते. ती धूळ फेफड्यात बसली का फेफडंच कडक होते, अन् मंग जगातला कोणताच डॉक्टर ते नरम करू शकत नाही. हे मले समजते. मी शिकली हाय! पण शिकून काय करता, मी पडली सिस्टर.

हे ट्रेनिंग तरी कंपनीले आमची कीव आली म्हणून होतं का? हॅट्! बाहेरदेशचा एक गिऱ्हाईक इटा पाहाले येणार होता. त्यानं विचारलं का तुमच्या कामगाराइचे मास्क त्याइच्या थोबाडाले बरोबर बसतेत का, हे कधी तपासलं का? झालं! आमचे सेफ्टी ऑफिसर, ओमप्रकाश साहेब, धावत दवाखान्यात. जो माणूस जिना चढताना मोबाइल पाहते अन् पायरी चुकते, तो आमचा सेफ्टी ऑफिसर! म्हणते, "सिस्टर, एक ट्रेनिंग है, जाऊन या. टेन्शन नका घेऊ, समजलं नाही तरी चालते. जेवण मस्त राहते तिथी."

गेली. जेवण मस्तच होतं, खोटं काहून बोलू? पण ट्रेनिंग! श्वासाच्या सुरक्षेचं ट्रेनिंग, बरं का, अन् हॉलभर नर्साइले मिळून मास्क किती? एक! एकच मास्क या थोबाडावरून त्या थोबाडावर! पहिलीच्या लिपस्टिकचा ठप्पा दुसरीच्या नाकावर, दुसरीची पावडर तिसरीच्या तोंडात, अन् माह्या बाजूले बसली होती खापरखेड्याकडची इंदुताई, तिले भरलेली सर्दी, तिनं मास्क घातला, दोनदा शिंकली, अन् मोठ्या प्रेमानं माह्या हाती देल्ला. "घे वं मेघा, तुहा नंबर!" कोरोनात आमीच लोकाइले ओरडून ओरडून सांगत होतो ना? का नव्हतो?

बरं, ते टेस्ट कसं करतेत तेही तुमाले सांगते, नाहीतर तुमी म्हणसान, बाई नुसतीच भांडून राहिली. सोपं हाय. माणसाले मास्क घालाचा. डोक्यावरून पांढरं टोपडं टाकाचं, समोर पारदर्शक खिडकी. खिडकीले एक भोक. त्या भोकातून आत कडू औषधाचा फवारा माराचा, फुस्स! मास्क बरोबर बसला असन तं कडू आत जात नाही, माणूस पास. फट असन तं कडू तोंडात येते, माणसानं हात वर कराचा, नापास. कडू लागलं तर हात वर करा. बस, एवढंच! पण त्याच्या पहिले, हे पुस्तकातच लिहून हाय, पहिले बिना मास्कचं पाहाचं का ह्या माणसाच्या जिभेले कडू समजते का नाही. बरोबर हाय ना? ज्याले कडूच समजत नाही तो हात कायचा वर करीन? तं सुमंत सरानं तेवढंच पान उलटून टाकलं! "हे आपण वेळेअभावी सोडून देऊ. कडू कोणाला कळत नाही?"

तिथी इंदुताईनं विचारलं. नाक पुसत पुसत विचारलं, पण विचारलं. "सर, माणसाच्या तोंडात खर्रा असन तं?"

सर म्हणते, "खर्रा... म्हणजे? नाश्त्याचा प्रकार आहे का काही?"

सारा हॉल हासून राहिला! इंदुताईनं समजावलं, का सर, सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत टाकून घोटतेत, दिवसभर गालात दाबून ठेवतेत. तं सराचा चेहरा खुलला. "अच्छा, अच्छा, मुखवास! काही हरकत नाही." मुखवास म्हणे! बाप्पा! ज्या गावात लोकं जेवण सोडतीन पण खर्रा सोडणार नाहीत, त्या गावात येऊन हा माणूस खर्र्याले मुखवास म्हणून गेला, अन् टाळ्या घेऊन विमानात बसला!

आता चला आमच्या कंपनीत. टेस्टची किट आली. त्या किटमंदी दोन बाटल्या राहतेत, एक हलक्या कडूची, जीभ तपासाले, अन् दुसरी जबर कडूची, मास्क तपासाले. आमच्याकडं आली किती? एक! मी ओमप्रकाश साहेबाले म्हटलं, सर, हलकीवाली बाटली? तं म्हणते, "मीच कॅन्सल केली ना, सिस्टर! दोन्हीवर 'कडू' लिहून होतं. कडू तं कडू, दोन काहून पायजे?" मी म्हटलं, सर, पहिले जीभ तपासा लागते. म्हणते, "जीभ तपासाले हे काय दवाखाना हाय? टेस्ट तं कॅन्टीनमंदी घेऊन राहिलो. देखो सिस्टर, गिऱ्हाईक येऊन राहिला, मले सारे पास पायजे. तुमी फुस्स करा!" आता ह्याच्यासंग कोण डोस्कं लावीन? मी पडली सिस्टर, मी फुस्स केलं.

काय तमाशा झाला तो कॅन्टीनमंदी! टोपड्यात डोकं घालून मान हालवाची राहते, वाकाचं राहते, अन् जोरानं बोलाचं राहते, म्हणजे थोबाड हाललं का मास्क सरकते का ते समजते. काय बोलाचं? ओमप्रकाश साहेब म्हणते, "कुछ भी बोलो, जे मनात हाय ते बोला!" असं कामगाराले म्हणाचं असते का? क्रशरचा मुकादम देवाजी बसला पहिला. टोपड्याच्या आतून चालू! "मागच्या दिवाळीले सोनपापडी देल्ली तेही भुगा झालेली, कॅन्टीनच्या वरणात दाळ शोधा लागते, सेफ्टी ऑफिसरले क्रशर कुठी हाय हेच माहीत नाही..." अन् ओमप्रकाश साहेब बाजूले उभे, मान डोलवून राहिले. "वा, वा, आवाज एकदम क्लिअर हाय. पास!"

अन् पाहाल तं सारेच पास! झुपकेवाल्या मिशा, पास. आठ-आठ दिवसाची खुंटं, पास. देवाजीची दाढी तं अशी का मास्क दाढीवर नुसता बसला होता, पण पास! मी फुस्स करून राहिली, फुस्स करून राहिली, माहे बोटं दुखाले लागले, माह्याच तोंडात कडू येऊन राहिलं, अन् एकही हात वर होत नाही! ओमप्रकाश साहेब खुश. "सिस्टर, काय ट्रेनिंग घेऊन आल्या तुमी! सौ टक्का!" मी मनातल्या मनात म्हटलं, हे काही बरोबर नाही बापा.

अन् मंग बसला रोशन.

आता रोशन कोण? रोशन माहा दीर. माह्या नवऱ्याचा लहाना भाऊ. मी लगन करून आली तेव्हा शाळेत होता, माह्या मागं मागं "वहिनी, पोहे" करत फिरे. मीच बोलून त्याले कंपनीत लावला, अन् कंपनीनं त्याले क्रशरवर टाकला. आता सकाळी उठला का बेसिनपाशी असा खोकलते का मले स्वयंपाकखोलीत हातातली पोळी थांबवा लागते. सालातून एकदा तपासणीची गाडी येते, तिच्यातल्या फुंकाच्या मशीनवर मी त्याच्या फेफड्याची हवा मोजली, कमी भरली. जास्त नाही, पण कमी. अन् ह्या पोट्ट्याचं लगन ठरलेलं! मोनाली नावाची, खापरखेड्याच्या कॉलनीतली, चांगली गोड पोरगी. तं ह्यानं लग्नाच्या फोटोपायी दाढी वाढवलेली. हिरोसारखी म्हणे. इमानदारीनं सांगते, मले तं तो आजारातून उठल्यासारखा दिसे.

त्या दाढीवर मास्क घालून रोशन बसला. फुस्स. काही नाही. पुन्हा फुस्स. काही नाही. टोपड्यातून डोळे मिचकावून राहिला! पास! माहं टाळकं सटकलं. मी म्हटलं, थांब गा, मास्क काढ. "काहून वहिनी?" काढ म्हटलं ना! मास्क काढला, टोपडं टाकलं, अन् बिना मास्कचं, सरळ उघड्या तोंडात, फुस्स! फुस्स! फुस्स! ज्या कडूनं माणसानं टणकन उडी माराले पायजे, ते कडू!

"काय लागते?"

"काही नाही."

"नीट पाह्य."

"थोडंसं... थंड थंड वाटते, वहिनी."

थंड थंड! मी म्हटलं, तोंड उघड. उघडलं, तं गालात खर्रा! मी देवाजीले म्हटलं, उघडा. खर्रा! त्याच्या मागचा, खर्रा! साऱ्या क्रशरची जीभ मेलेली! अवं, ह्या लोकाइले करेल्याचा रस पाजला तरी म्हणतीन, पाणी बरं हाय! हे कायले हात वर करतीन? कंपनीनं मास्क तपासला नाही, कंपनीनं खर्रा तपासला, अन् खर्रा सौ टक्के पास!

गेली धावत ओमप्रकाश साहेबापाशी. सर, सारं खोटं हाय, सारी टेस्ट पुन्हा करा लागते, पहिले खर्रा बंद, मंग जीभ तपासाची, दाढ्या काढाच्या, मास्कही एकाच मापाचे आणले तुमी, लहान-मोठे पायजेत! तं खुर्चीत रेलून म्हणते, "सिस्टर, तुमी शांत बसा. कडू लागलं का त्याइले? नाही लागलं. मंग पास. जीभ त्याइची, आपण काहून बोलाचं?" मी म्हटलं, सर, फेफडं! म्हणते, "फेफड्याचं कागदावर कुठी विचारलं?" हा माणूस सेफ्टी ऑफिसर! पण मी पडली सिस्टर, अन् तो पडला साहेब.

तवा मी ठरवलं का बाकीच्याइचं नाही तं नाही, पण घरच्या एकाची तरी टेस्ट इमानदारीनं करीन. रोशनले म्हटलं, दाढी काढ. म्हणते, मोनालीले आवडते. मी मोनालीलेच फोन लावला. म्हटलं, वं मोनाली, तुले दाढी पायजे का नवरा? पोरगी काय म्हणावी? "वहिनी, दोन्ही नाही होत का?" मी म्हटलं, नाही होत! अन् क्रशरची सारी गोष्ट सांगितली. मंग तिनंच त्याले काय सांगितलं ते त्याइचं त्याइले माहीत, पण पोट्टा दाढी काढून आला. अन् खर्रा? तो सोडाले मी सकाळ-दुपार-संध्याकाळ त्याच्या मागं उभी. दिवसभर चिडचिड, घरात भांडे आपटून राहिला, वरणात मीठ नाही म्हणून माह्या नवऱ्यासंग भांडला, मंग म्हणते मीठ जास्त हाय! मी मनात म्हटलं, बस, जीभ जागी होऊन राहिली.

अन् दाढी निघाली तं आतून काय निघालं? एवढीशी हनुवटी! मायबाई, त्या पोट्ट्याले हनुवटीच नव्हती, जे काही होतं ते दाढीच होती! त्याच्यावर कंपनीचा तो एकमापी मोठ्ठा मास्क असा लटकला का खालून बोट जाये. मी टोपडं टाकलं. पहिलीच फुस्स मारली असन, तं आतून किंचाळला, "कडूऊऊ! वहिनी, कडू! मेलो, मेलो!" अन् दोन्ही हात वर! दोन्ही!

तुमाले सांगते, माह्या डोळ्यात पाणी आलं. एवढ्या मोठ्या कारखान्यात एक माणूस खरोखर नापास झाला! त्याची जीभ जित्ती हाय, अन् मास्क त्याले होत नाही, हे मले समजलं, आता त्याच्या मापाचा मास्क मागवता येईन! मी नाचत गेली साहेबापाशी. सर, रोशन नापास! साहेबानं चश्मा काढला. "नापास? मंग त्याले क्रशरवर ठेवता येत नाही. नियम नियम हाय, सिस्टर." नियम! त्या माणसाच्या तोंडून नियम! लहान मापाचा मास्क मागवा ना, म्हटलं. तं म्हणते, "एका हनुवटीपायी?" अन् रोशनले क्रशरवरून काढून पॅकिंगले पाठवून देल्लं.

आता पाहा हं मजा. जे पास झाले, ते त्या दाढ्या-मिशा घेऊन, गालात खर्रा दाबून, धूळ खाऊन राहिले. मले झोपताना देवाजीचं तोंड आठवते, खरं सांगते, त्याच्याही घरी लेकरं हायेत, अन् मी रोज बोंबलून राहिली अन् रोज तोच जवाब ऐकून राहिली. अन् जो नापास झाला तो मोकळ्या हवेत, शेडखाली, इटाइवर पुठ्ठा गुंडाळून राहिला. खोकला कमी झाला त्याचा! सकाळी माह्या पोळ्या आता सरळ होतेत. म्हटलं, चला, एक तं वाचला. घरी जाऊन गोड करू, शिरा करू.

कायचा शिरा! घरी गेली तं सासूबाई, मीराबाई आमच्या, दारातच उभ्या. चेहरा असा का घरात कोणी गेलं. मोनालीच्या आईचा फोन आला होता म्हणे! "बाई, आमी ऐकलं का तुमचा पोरगा कंपनीच्या दमाच्या परीक्षेत नापास झाला, म्हणून त्याले कामावरून हटवलं. छातीत काही खराबी असन तं आताच सांगा, पत्रिका छापाच्या बाकी हायेत." मी म्हटलं, आई, उलट हाय, तो नापास झाला म्हणजे चांगला हाय, जे पास झाले तेच खराब हायेत! सासूबाई माह्याकडं अशा पाहून राहिल्या का ट्रेनिंगमंदी पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. "वं मेघा, साऱ्या दुनियेले तू पास केलं, अन् घरचा एक पोट्टा तुले पास नाही करता आला?"

मी बसवलं त्याइले. चहा देल्ला. सारं समजावलं, टोपडं, फवारा, कडू, जीभ, खर्रा, अन् हेही सांगितलं का मोनालीशी मी बोलते, तिले सारं माहीत हाय, ती आईले समजावीन. सासूबाई मान हालवत गेल्या, मान हालवत गेल्या. मले वाटलं, चला, समजलं. कपबशी ठेवली, पायात चप्पल टाकली, अन् बाहेर. मी म्हटलं, मंदिरात-बिंदिरात... आमी तं बौद्ध, मंग विहारात गेल्या असन, पोट्ट्याच्या नावानं मेणबत्ती लावाले.

थोड्या वेळानं आल्या. ही बाई, जिनं आमच्या सासऱ्याले खर्र्यापायी उभी जिंदगी शिव्या देल्ल्या, ज्याच्या शर्टाच्या खिशात पन्नी सापडली त्याले जिनं त्या रात्री जेवाले नाही देल्लं, ती माही सासू आली, पदराखालून हात काढला, अन् माह्या हातावर ठेल्यावरून आणलेली ताजी, घोटलेली, गरम पुडी ठेवली.

"घे वं," म्हणते, "हा त्याच्या गालात ठेव, अन् उद्या पुन्हा बसव."

एसी हॉल झाला, विमानानं आलेला सर झाला, सेफ्टी ऑफिसर झाले, अन् एवढ्या साऱ्या ट्रेनिंगमधून आमच्या कंपनीत ते टेस्ट नेमकं कसं पास होते, हे पहिल्या चहात समजलं ते माह्या सासूले.